बॉडी-सेंटर्ड काउन्सेलिंग म्हणजे नेमकं काय, आणि एक फिलॉसॉफर तिथे कसा पोचला

पहिल्यांदा फोन करणाऱ्याला मी सांगते की मी शरीराकडे लक्ष देत काउन्सेलिंग करते, की लगेच समोरून प्रश्न येतो, मसाज असतो का? नाहीतर, योगा करायला लावता का? आणि काही जण जरा अवघडून विचारतात, हात वगैरे लावावा लागतो का. तर माझ्यापुरतं सांगायचं तर यातलं काहीच नसतं. समोरासमोर खुर्चीत बसून बोलायचंच असतं, फक्त बोलता बोलता मधे थांबायचं असतं. आता थांबून काय होणार असं वाटेल, म्हणून हा लेख, कारण सगळी गंमत त्या थांबण्यातच आहे आणि रील्समध्ये नेमकं तेच कोणी दाखवत नाही, थांबलेला माणूस बघायला बोअर होतं ना.

या क्षेत्राचं नाव मधल्या काळात जरा बदनामही झालं होतं, ते आधी उरकून टाकते. सायकोअॅनालिसिसचा (मनोविश्लेषणाचा) जनक फ्रॉइड, त्याच्या गोतावळ्यात विल्हेम राईश नावाचा एक हुशार माणूस होता. पेशंट काय बोलतो याबरोबरच तो जबडा कसा आवळतो, श्वास कुठे धरतो हेही बघायला पाहिजे असं त्याचं म्हणणं, आणि ते म्हणणं चांगलंच होतं. पण १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकोअॅनालिटिक संघटनेतून त्याला बाहेर पडावं लागलं, पुढे अमेरिकेत जाऊन त्याने 'ऑर्गोन' नावाच्या कुठल्याशा वैश्विक ऊर्जेचे डबे बनवले, कोर्टाच्या आदेशाने त्याची पुस्तकं जाळली गेली आणि १९५७ मध्ये तो तुरुंगात वारला. त्यामुळे नंतर कित्येक वर्षं 'शरीर' म्हटलं की सिरियस लोक चार हात लांबच राहायचे.

मला ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माणूस अगदी दुसऱ्या दारातून आला. युजीन जेंडलिन. हा मुळात सायकॉलॉजिस्टच नव्हता, फिलॉसॉफीवाला होता.

जन्म १९२६ चा, व्हिएन्नामधलं ज्यू कुटुंब. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा हा अकरा वर्षांचा. वडील कुटुंबाला बाहेर काढायची खटपट करत होते. एकदा ते मदत करू शकणाऱ्या एका माणसाला भेटायला गेले आणि परत येऊन म्हणाले, याच्याबरोबर जायचं नाही, माझ्या आतून 'नाही' येतंय. मुलगा चाट पडला, म्हणजे काय, इतकी जिवावरची वेळ आणि बाबा कसल्या तरी आतल्या भावनेवर ठरवतायत? शेवटी ते दुसऱ्या मार्गाने हॉलंडमध्ये आणि तिथून अमेरिकेला पोचले. ही आठवण जेंडलिननी पुढे मुलाखतींमध्ये सांगितली आहे, आणि असं कसलं 'वाटणं' असतं जे आपल्याला काहीतरी सांगू शकतं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसला. इथे एक सावधगिरीची सूचना, या गोष्टीवरून 'आतला आवाज नेहमी खरा असतो' असा अर्थ कृपया काढू नका. ज्यांच्या आतल्या आवाजाने त्यांना फसवलं ते लोक मुलाखती द्यायला उरलेच नाहीत.

पुढे शिकागो युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी. तिथे त्यांचा विषय साधारण असा होता, की आपल्याला एखादी गोष्ट शब्दांत येण्याआधी जी जाणवते, ती आणि तिला मिळणारे शब्द, यांचं नातं काय. विषय किचकट वाटतो पण रोजचाच आहे. एसटीत बसलात, गाडी स्टँडच्या बाहेर पडली आणि तुम्हाला वाटायला लागलं की काहीतरी राहिलंय. काय ते कळत नाही, पण पोटात एक चुटपुट आहे. गॅस बंद केला का? केला. आणि मजा बघा, गॅस बंद केलाय हे आठवूनही चुटपुट जात नाही, म्हणजे ते गॅसबद्दल नव्हतंच. चार्जर? घेतलाय, तरी जात नाही. आणि मग एकदम, अरे, आत्याला आज हॉस्पिटलमधून सोडणार होते, फोन करायचा राहिला! आत्याला फोन तर अजून केलेलाच नाही, प्रॉब्लेम तसाच आहे, पण ती पोटातली चुटपुट तिथल्या तिथे सुटते. म्हणजे त्या चुटपुटीला 'माहीत' होतं की ती कशाबद्दल आहे, चुकीची उत्तरं तिने घेतली नाहीत, बरोबर उत्तर आल्यावर सोडलं. शब्दांच्या आधीच्या या अंधुक पण नेमक्या जाणिवेला जेंडलिननी नाव दिलं फेल्ट सेन्स.

आता फिलॉसॉफीवाल्याला हे प्रत्यक्षात घडताना कुठे बघायला मिळणार? त्याच युनिव्हर्सिटीत कार्ल रॉजर्सचं काउन्सेलिंग सेंटर होतं. रॉजर्स म्हणजे ज्यांच्यामुळे आज जगभरचे काउन्सेलर सल्ले न देता ऐकायला शिकतात ते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जेंडलिन तिथे जाऊन धडकले, कारण तिथे रोज माणसं बसून नेमकं हेच करत होती, अजून शब्द न मिळालेल्या गोष्टीला शब्द शोधत होती. आणि रॉजर्सच्या टीमची एक सवय फार कामाची ठरली, ते सेशन टेप करायचे. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, कारण बाकी सगळीकडे बंद दाराआड काय झालं हे थेरपिस्ट सांगेल तेच खरं.

मग त्या टेप्स तासन् तास ऐकल्या गेल्या. कोणाला फायदा झाला, कोणाला नाही, फरक कशात? क्लायंट कोणत्या विषयावर बोलतो यात फारसा फरक सापडेना, थेरपिस्ट किती भारी बोलतो यात तर नाहीच. फरक होता तो क्लायंट *कसं* बोलतो यात, आणि त्याहून डोक्याला ताप म्हणजे हा फरक बऱ्याचदा सुरुवातीच्या सेशन्समध्येच ऐकू येत होता. ज्यांना फायदा व्हायचा ते लोक अडखळायचे. मधेच थांबायचे, 'नाही, तसं नाही...' म्हणायचे, शब्द बदलायचे.

हे मोजायला पुढे जेंडलिन आणि सहकाऱ्यांनी सात पायऱ्यांची एक फूटपट्टी बनवली, एक्स्पिरियन्सिंग स्केल, १९६९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगते. सगळ्यात खालच्या पायरीवरचं बोलणं असं, 'सासूबाई आल्या, आठ दिवस राहिल्या, रविवारी गेल्या.' नुसता रिपोर्ट. मधल्या पायऱ्यांवर, 'त्या आल्या की माझी चिडचिड होते.' आता माणूस स्वतःबद्दल बोलतंय, पण बोलणं तयार आहे, दहा वेळा दहा मैत्रिणींना सांगून गुळगुळीत झालेलं. आणि वरच्या पायऱ्यांवर, 'त्या आल्या की ना... म्हणजे चिडचिड नाही खरं तर... इथे काहीतरी आक्रसतं... माझ्याच घरात मी पाहुणी असल्यासारखी... हां. परवानगी मागावी लागेल असं काहीतरी.' बघा, वाक्यं तुटली, व्याकरण गेलं, पण काहीतरी नवीन आलं जे बोलणारीलाही पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं.

रॉजर्स नंतर विस्कॉन्सिनला गेले, जेंडलिनही गेले, आणि तिथे त्यांनी स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या, सरकारी मेंटल हॉस्पिटलमधल्या पेशंट्सबरोबर मोठा रिसर्च प्रोजेक्ट केला. सरसकट बघितलं तर थेरपी मिळालेला गट न मिळालेल्यांपेक्षा काही फार पुढे गेला नाही, निकाल तसा निराशाजनकच होता. पण प्रश्न परत तोच, की ज्यांना आतल्या जाणिवेला धरून बोलता येतं त्यांना फायदा होतो आणि ज्यांना येत नाही ते वर्षभर येऊन तिथल्या तिथेच. हे फार अन्यायाचं आहे हो! म्हणजे ज्याला मुळातच जमतं त्यालाच औषध लागू पडणार. जेंडलिनचं वेगळेपण मला इथे वाटतं, ते म्हणाले, मग हे जमणं *शिकवता* येतं का बघू. आणि त्यातून आलं फोकसिंग. १९७८ मध्ये त्याच नावाचं छोटंसं पुस्तक आलं, मुद्दाम साध्या भाषेत, थेरपिस्टकडे न जाणाऱ्या लोकांनाही करता यावं म्हणून.

पुस्तकात सहा पायऱ्या आहेत, त्या इथे लिहून दिल्या तर पाककृतीसारखं वाटेल, त्यापेक्षा सेशनमध्ये काय होतं ते दाखवते. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन वेगळ्या जणींचं मिसळून लिहिलंय.)

पंचेचाळिशीच्या एक बाई. वडील गेले, भावांनी सांगितलं हक्कसोडपत्रावर सही कर. बाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच, 'मॅडम, मला जमीन नकोच आहे, माझं सगळं छान चाललंय.' आणि हे खरंही होतं. पण तालुक्याच्या ऑफिसात जायची तारीख ठरली की यांचं पोट बिघडणार, बीपी वाढणार, तारीख पुढे जाणार. डॉक्टरांकडे सगळं तपासून झालेलं. त्या इतकं मुद्देसूद बोलायच्या की माझं काम फक्त मान डोलवायचं.

त्या दिवशी 'जमीन नकोच आहे' म्हणताना त्यांचा हात गळ्याशी गेला. मी म्हटलं, जरा थांबूया का इथेच? तो सहीचा सगळा विषय समोर ठेवा, सोडवायचा नाहीये, नुसता असू द्या, आणि आत कसं वाटतंय बघा. बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, 'गळ्यात काहीतरी आहे.' मी त्यांचेच शब्द परत म्हटले, गळ्यात काहीतरी आहे. 'आवंढ्यासारखं.' आवंढ्यासारखं. 'राग असेल का?' त्यांनीच स्वतःला विचारलं, थोडं थांबल्या, मान हलवली, 'नाही, राग नाही.' 'वाईट वाटतंय का? तेही नाही... वगळल्यासारखं... नाही, वगळलं कुठे, फोन तर करतातच...' आणि मग एक मोठा पॉज, मी गप्प. 'गृहीत. गृहीत धरलंय. मला कोणी *विचारलंच* नाही, ताई तुला काय वाटतं म्हणून. नुसती तारीख सांगितली.' आणि एक मोठा श्वास सुटला, खांदे खाली आले, डोळ्यांत पाणी आणि त्याच वेळी थोडं हसू. 'एवढंच होतं होय!'

हा जो श्वास सुटला त्याला फोकसिंगमध्ये फेल्ट शिफ्ट म्हणतात, आणि शरीराचा खरा उपयोग इथे आहे. शरीराला काही गूढ ज्ञान असतं असा माझा दावा नाही, पण शब्द बरोबर बसला की नाही हे तपासायचं दुसरं साधन आपल्याकडे नाही. 'राग' हा शब्द मीसुद्धा सुचवला असता, कुठल्याही मालिकेतल्या वकिलाने सुचवला असता, आणि बाई सुशिक्षित असल्याने त्यांनी तो मान्यही केला असता आणि पुढचे चार महिने आम्ही त्या नसलेल्या रागावर काम करत बसलो असतो. त्यांच्या गळ्याने तो घेतला नाही. सही करायची की नाही ते त्या दिवशी काही ठरलं नाही. ठरलं ते इतकंच की धाकट्या भावाला घरी जेवायला बोलवायचं.

बाकी मी काय करते तर फारसं काही नाही. सल्ला नाही, अर्थ लावणं नाही, 'तुमच्या लहानपणी असं काही झालं होतं का' नाही. त्यांनी 'आवंढा' म्हटलं तर मी 'गाठ' म्हणत नाही, आवंढाच म्हणते. ऐकायला सोपं आहे, करायला फार अवघड, कारण गप्प बसायची आपल्याला सवयच नाही, आपण चहा घेणार का विचारून शांतता भरून काढतो.

माझा स्वतःचा रस्ता काही व्हिएन्नातून आलेला नाही, पुण्यात एमए केलं, मग सीबीटी शिकले, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, त्यात विचारांच्या नोंदीचे तक्ते भरून घ्यायचे. सीबीटीवर माझा आजही विश्वास आहे. पण माझ्या लक्षात यायला लागलं की काही जण तक्ते इतके सुरेख भरून आणतात, 'माझा विचार अतार्किक होता, पर्यायी विचार असा', अगदी रांगोळी काढल्यासारखे, आणि चेहरा मात्र गेल्या आठवड्यातलाच. त्यांना सगळं कळलेलं होतं, वळलेलं काही नव्हतं. तेव्हा एका सीनियरने जेंडलिनचं पुस्तक हातात दिलं. आणि यात एक पद्धत फार आवडली ती म्हणजे हे आधी स्वतःवर करायचं असतं, जोडीने, अर्धा वेळ तू बोल मी ऐकते, अर्धा वेळ मी बोलते तू ऐक, फी नाही, कोणी कोणाचा गुरू नाही. कोल्हापूरच्या एका मैत्रिणीबरोबर माझं हे फोनवर चालतं, अजूनही. सुरुवातीला मला आत काहीच जाणवायचं नाही, नुसती भूक लागलेली कळायची.

शरीराच्या बाजूने बघितलं तर यात जादू काही नाही. हृदय, आतडी, फुप्फुसं यांच्याकडून मेंदूला सतत बातम्या जात असतात, याला इंटरोसेप्शन म्हणतात. व्हेगस नावाची जी मोठी नस मेंदूपासून पोटापर्यंत जाते तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. हे निरोप मेंदूत इन्सुला नावाच्या भागात एकत्र होतात आणि आपल्याला 'कसं वाटतंय' हे घडण्यात त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून पोटाकडे लक्ष देणं म्हणजे अंधश्रद्धा नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, शरीराकडे *जास्त* लक्ष म्हणजे चांगलं असं सरळ गणित नाहीये. पॅनिक अटॅक येणाऱ्या माणसाचं शरीराकडे आधीच नको इतकं लक्ष असतं. छातीत जरा धडधडलं की 'गेलो आता', त्या भीतीने अजून धडधड, की अजून भीती. अशा माणसाला डोळे मिटून छातीकडे लक्ष द्या म्हणणं म्हणजे आगीत तेल. त्याच्यासाठी सीबीटीतलाच एक प्रकार जास्त भरवशाचा आहे, मुद्दाम जागच्या जागी पळायला लावायचं, खुर्चीत गरगर फिरवायचं, धडधड आणि चक्कर मुद्दाम आणायची आणि बघायचं की काही होत नाही. आता मला सांगा, हे शरीरावरचं काम नाही तर काय आहे? ज्याला सगळे 'नुसती विचारांची थेरपी' म्हणतात त्यातही शरीर आहेच.

ट्रॉमाचं, म्हणजे भयंकर प्रसंगाने मनावर बसलेल्या आघाताचं, प्रकरण अजून नाजूक. तिथे पीटर लिव्हाईन यांचं सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग जास्त प्रसिद्ध आहे. त्यांची सुरुवात होते १९६९ मधल्या एका पेशंटपासून, सेशनमध्येच तिला जबरदस्त पॅनिक आला आणि लिव्हाईनना डोळ्यांसमोर वाघ दिसला, ते ओरडले की वाघ मागे लागलाय, पळ! ती बसल्या जागी पाय हलवून 'पळाली', थरथरली, आणि शांत झाली. त्यातून त्यांनी मांडलं की संकटात पळायची किंवा लढायची जी हालचाल अर्धवट राहते ती शरीराला पूर्ण करू द्यावी, तीही थोडी थोडी करत. गोष्ट म्हणून जबरदस्त आहे, पण गोष्ट जबरदस्त असणं आणि पुरावा जबरदस्त असणं वेगळं. इस्राएलमध्ये ६३ लोकांवर झालेली एक नीट तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, निकाल आशादायक होता, पण ६३ म्हणजे ६३च. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी (अशा आघातानंतर टिकून राहणाऱ्या त्रासासाठी) नाव घेतलं ते ट्रॉमावर केंद्रित सीबीटीचं आणि ईएमडीआरचं (यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायचे असतात). फोकसिंगच्या बाजूने सांगायचं तर त्या सात पायऱ्यांच्या फूटपट्टीवर वर असणं आणि थेरपीचा फायदा होणं यांचा संबंध पुन्हा पुन्हा सापडलाय, पण तो लहान ते मध्यम आहे, चमत्कार नाही. त्यामुळे 'कमरेत ट्रॉमा साठलेला असतो, हे तीन स्ट्रेच करा आणि मोकळे व्हा' असं रील दिसलं की स्ट्रेच जरूर करा, कमरेला बरंच वाटेल.

आपल्याकडचे लोक अजून एक विचारतात, इगतपुरीला विपश्यनेत करतात तेच ना हे? संवेदनांकडे लक्ष देणं दोन्हीकडे आहे हे खरं. पण तिथे संवेदना आली, गेली, समभावाने बघायचं, तिच्याशी बोलायचं नाही, आणि शिबिरात तर इतर साधकांशीही बोलायचं नाही. फोकसिंगमध्ये त्या जाणिवेशी बोलायचंच असतं, तू कशाबद्दल आहेस, तुला काय हवंय असं तिला विचारायचं असतं, शेजारी ऐकणारा माणूस असतो, आणि तिथून परत आपल्या भांडणाकडे, सहीकडे, सासूबाईंकडे यायचं असतं. दोन वेगळी कामं आहेत, कुठलं वरचं असं काही नाही.

आता कोणाकडे जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. छातीत दुखतंय, वजन उतरतंय, चक्कर येतेय तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, नंतर काउन्सेलर, हा क्रम उलटा करू नका. चालू असलेल्या गोळ्या 'आता शरीरच बरं करेल' म्हणून कोणी बंद करायला सांगितल्या तर तिथून उठा. रात्रीबेरात्री फार असह्य झालं, जीव नकोसा वाटायला लागला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन लागतं, 'काउन्सेलर' अशी पाटी मात्र प्रत्यक्षात कोणीही लावतं, म्हणून शिक्षण काय, ट्रेनिंग कुठे झालं, सुपरव्हिजन (आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) कोणाकडे घेता हे पहिल्या फोनवर बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. काही पद्धतींमध्ये स्पर्श असतो, तो कशासाठी, कधी, आणि मी नाही म्हटलं तर काय, हेही आधीच विचारा. आणि पहिल्या सेशनमध्ये तुम्ही 'मला आत काहीच जाणवत नाही' म्हणालात तर समोरचा काय करतो ते बघा. जाणवायलाच पाहिजे म्हणून मागे लागला तर दुसरीकडे जा. 'बरं, मग ते काहीच न जाणवणं कसं आहे, सुन्न आहे का रिकामं आहे' असं विचारून जो गप्प बसेल, त्याच्याकडे पुढची अपॉइंटमेंट घ्यायला हरकत नाही.